केशरी कामोणी

लग्न होऊन सासरी गेले तेव्हा माझ्यासारखी निंदणारी बाई कळंबपासून वणीपर्यंत दुसरी नव्हती. लोक असं म्हणत होते असं नाही, मीच म्हणत होते. माहेरी कपाशीच्या वावरात बाकीच्या बाया एकेक ओळ धरून बसत, मी दोन धरायची. खुरपं असं चालायचं की मागे गवताचं पातं उरत नसे. "पोरगी नाई, वीज हाये," असं बाया म्हणत आणि मी आणखी अर्धी ओळ स्वतःकडे ओढून घेई. माझं कौतुक करून करून त्यांनी आपल्या ओळी माझ्याकडून निंदून घेतल्या, हे मला चाळिशी उलटल्यावर उमगलं. तेव्हाची ती एकोणीस वर्षांची बया आज दारात आली, तर आधी तिच्या हातातलं खुरपं काढून घेईन आणि मगच बस म्हणेन.

सासर राजूरच्या वाटेवर. कोळशाचे ट्रक गावाजवळून जायचे, त्यामुळे सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी पांढरं म्हणून कधी उतरलं नाही. घरात सासरे, सासू, आमचे हे आणि माझ्याच वयाची नणंद. सासू उंच, वाळकी आणि मितभाषी. दिवसभरात दहा वाक्यं बोलत असेल, पण त्यातली आठ टोमण्याची. माझी पहिली भाकरी पाहून म्हणाली होती, "सूनबाई, हे भाकर हाये का तुह्या गावचा नकाशा?" सगळे हसले. मी चुलीकडे तोंड करून रडले. त्या बाईची माया टोमण्यातूनच येते, हे कळायला मला वर्ष लागलं. त्या वर्षाचीच ही गोष्ट.

घरामागे सांधवाडी होती. न्हाणीचं पाणी तिकडे वाहत जायचं आणि त्यावर अळू, एक पपई, थोडी कोथिंबीर जगायची. न्हाणीच्या दगडाजवळ एक गुडघाभर झाड होतं. त्याला नीट गोल आळं केलेलं, कोंबड्या शिरू नयेत म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. झाड मी ओळखलं. कामोणी. आमच्याकडे कपाशीत, बांधाच्या धुऱ्यावर, उकंड्यावर, कुठेही उगवायची. लहानपणी तिची पिकलेली काळी फळं खाऊन आम्ही एकमेकींना जांभळ्या जिभा दाखवायचो. हिरवी खायची नाहीत, एवढं प्रत्येक पोराला माहीत असे. पण तिला पाणी घालणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. हिची फळं काळी नव्हती, गोल, वाटाण्यापेक्षा लहान आणि केशरी होती. मला वाटलं, कच्ची असतील. विचारलं नाही. नव्या सुनेनं विचारायचं नसतं, करून दाखवायचं असतं, असं माझ्या डोक्यात कोणी भरलं होतं कोण जाणे.

मार्गशीर्षात सासूच्या माहेरून निरोप आला. तिची आई आजारी होती. पैनगंगेकडचं गाव, दोन एस.ट्या बदलून जायचं. सासऱ्यांबरोबर निघताना ती उंबऱ्यात थांबून मला म्हणाली, "माय थकली हाये, पाहून येतो. सांधवाडीत पाणी टाकजो. बाकी काई करू नको."

आता, ज्या बाईला अक्कल आहे ती याचा अर्थ काय घेईल? पाणी टाकायचं, बाकी काही करायचं नाही. मी अर्थ घेतला, सासू माझी परीक्षा पाहून राहिली आहे.

तिसऱ्या दिवशी नणंद आणि हे कापूस वेचायला वावरात गेले. मी स्वयंपाक आटोपला, पदर खोचला आणि खुरपं घेऊन सांधवाडीत बसले. काट्यांचं कुंपण उपटलं. कामोणी मुळासकट काढली, फळांसकट. गवत, केणा, सगळं टोपल्यात भरून उकंड्यावर टाकलं. जमीन झाडली, सडा घातला. मग गोठ्याकडे वळले. तिथल्या भिंतीवर उंच कोपऱ्यात एकच गोवरी चिकटवलेली होती, तळहाताएवढी. बाकी गोवऱ्या सगळ्या परड्यात रचलेल्या, ही एकटीच भिंतीवर. मला त्या अव्यवस्थेची लाज वाटली. ती खरवडून काढली आणि आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत घातली. जळताना ती बारीक तडतड वाजली. ओली असेल, असं म्हणून मी फुंकर घातली.

संध्याकाळी नणंद आली, पाय धुवायला मागे गेली आणि तिथेच दगडावर बसली.

"वयनी, काय केलं वं हे?"

"साफ केलं," मी म्हटलं. आवाजात अभिमान होता, तो आठवला की अजून कानशिलं तापतात.

"कामोणी कुठी हाये?"

"उकंड्यावर. अवं, तण होतं ते. कच्ची फळं, पिकतही नव्हती."

"थे पिकलेलीच होती," नणंद म्हणाली. "थे केशरीच असते. आपल्या इकडं कुठंच नाई तशी. मायनं तिच्या माहेरून आनली. आजीनं लग्नात संगं देल्ली, गोवरीत बी दाबून. माय दरसाल दिवाळी झाली का पिकली फळं शेनात दाबते अन् गोठ्याच्या भिंतीले लावते. पावसात लावाले."

मी चुलीकडे पाहिलं. गोवरीची राख मी दुपारीच भांडी घासायला घेतली होती.

नणंदेनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. "वयनी, तू त भांडेबी त्याच्यानंच घासले," एवढं म्हणून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

आम्ही दोघी उकंड्यावर गेलो. झाड सापडलं, पण म्हशीनं तुडवलेलं, वर शेण पडलेलं, आणि फळं तर कोंबड्यांनी दुपारीच टिपून घेतली होती. तरी आणून आळ्यात रोवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं मान टाकली.

आठव्या दिवशी खबर आली, आजी गेली. सासूबाई दिवस करूनच येणार होत्या. नणंद चुलीपाशी बसून बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "माय घरी आली का पयले थे झाडच पाहीन."

आता मला खरी भीती वाटली. आईची राख सावडून येणारी बाई, आणि घरी आईच्या हातचं शेवटचं जे काही, ते मी एक उपटलं होतं आणि एक चुलीत घातलं होतं. ती येण्याआधी त्या आळ्यात काहीतरी उभं असायलाच हवं होतं.

एखादी बाई खरं सांगून मोकळी झाली असती. मी कामोणीचं रोप शोधायला निघाले. माझा डाव असा होता, की लहान रोप आणायचं, बिनफळांचं, आणि जुनं वाळून बुडातून नवं फुटलं म्हणायचं. काळी की केशरी हे फळ धरेपर्यंत कोणाला कळणार? आणि तोवर माझ्या पोटी पोरगं राहील, सासूचं लक्ष तिकडे जाईल, आणि सगळं निभून जाईल. पोराला जन्माला येण्याआधीच मी कामाला लावलं होतं.

दोन दिवस धुरे पालथे घातले. त्या दिवसांत लहान रोपं कुठे मिळणार? शेवटी शेजारच्या एका म्हातारीच्या वाडीच्या कडेला एक सापडलं. तसंच टोकदार पान, तशीच फांदी. मातीसकट उचलून आणलं, आळ्यात लावलं, काट्यांचं कुंपण पहिल्यासारखं केलं.

नणंद वाकून पाहत म्हणाली, "पान जरा चकचकीत दिसून राह्यलं वं."

"पाणी लय भेटलं असंल. तू मले नोको शिकवू, दहा वर्षं निंदून राह्यलो मी."

सासूबाई आल्या. पाणी प्यायल्या, पिशवी ठेवली आणि मागे गेल्या. मी न्हाणीच्या आडोशाला उभी. त्या रोपासमोर उभ्या राहिल्या. वाकून एक पान तोडलं, दोन बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"पाणी टाकलं?"

"हो, आत्याबाई."

"रोज?"

"रोज."

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या रात्री मला झोप कशी लागली म्हणता. सासूला फसवलं, तेही कामोणीच्या पानावर. नणंदेला मी बोट दाखवून म्हटलं, "पाह्यलं?"

दुसऱ्या सकाळपासून एक नवा रिवाज सुरू झाला. सासूबाई स्वतः त्या रोपाला पाणी घालायच्या आणि मला जवळ बसवायच्या. "बस वं सूनबाई. तुले सांगतो, माह्यी माय कामोणी कशी लावे." आणि सांगायच्या. आई फळं तोडताना देठ कसे राहू द्यायची. पहिलं फळ घरातल्या सगळ्यांत लहान पोराला कसं द्यायची. लग्नात गोवरी पेटीत ठेवली तेव्हा आत्यानं नाक कसं मुरडलं, "पोरीच्या पेटीत शेन देते का?" आणि आई म्हणाली, सोनं मोडता येतं, हे मोडता येत नाही. मी मान डोलावत ऐकायची. रोज एक गोष्ट. दीड-दोन महिन्यांत मी त्या मेलेल्या म्हातारीला, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं, इतकं ओळखायला लागले की ती वाटेत भेटली असती तर पाया पडले असते आणि पळाले असते.

एक दिवस पांढरं फूल आलं. "फूल आलं वं सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. "आता पाहू, कोनतं फळ येते."

फळ आलं. पहाटे न्हाणीवर गेले तेव्हा पाहिलं. हिरवं, लांब, टोकदार. मिरची.

नीट वाचा हे. दोन ओळी एकदम निंदणाऱ्या त्या बयेनं कामोणी समजून मिरची आणली होती आणि तिच्याभोवती काट्यांचं कुंपण करून दिलं होतं.

मी ती मिरची तोडली आणि पदरात लपवली. आणखी दोन दिवसांनी दुसरी आली. तीही तोडली. मग रोज सगळ्यांच्या आधी उठायचं, मिरच्या तोडायच्या आणि धान्याच्या कोठीमागे मडक्यात टाकायच्या, असा उद्योग सुरू झाला. एकदा तोच हात डोळ्याला लागला. पाण्याची धार लागली.

"काहून रडून राह्यली?" सासूबाई.

"कचरा गेला डोळ्यात."

"कामोणीचा असंल," त्या म्हणाल्या आणि बादली घेऊन पुढे गेल्या.

तरीही मला कळलं नाही. असं डोकं देव एखाद्यालाच देतो.

त्याच आठवड्यात दुपारी सगळे जेवायला बसलेले. सासूबाईंनी प्रत्येकाच्या भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. घरात मिरची संपली होती, हे मला माहीत होतं. माझ्या ताटात त्यांनी जरा जास्तच वाढला.

"खाय, सूनबाई. तुह्या हातची कामोणी हाये. यंदा चांगली तिखट आली."

नणंदेला ठसका लागला. सासरे काही न कळून म्हणाले, "तिखट हाये, पण चव हाये." मी ताटाकडे पाहत बसले. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पान चुरडून वास घेतला तेव्हापासून. दोन महिने त्यांनी मला मिरचीसमोर बसवून कामोणीच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

"काल कोठीमागं मडकं सापडलं मले," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू होतं. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. "जाऊ दे. निंदलं त निंदलं. बी हाये आपल्यापाशी."

तेव्हा कळलं, त्या इतके दिवस खेळत होत्या ते या भरवशावर. गोवरी तिथेच असेल म्हणून. गोठ्याचा तो कोपरा अंधारा होता, पाऊस येईपर्यंत तिकडे पाहायचं कामच नव्हतं.

नणंदेनं मान खाली घातली. मी म्हटलं, "आत्याबाई, गोवरी मी चुलीत घातली."

त्यांचा हात भाकरीवर थांबला. त्या उठल्या, तसाच उष्टा हात घेऊन गोठ्यात गेल्या. आम्ही वाट पाहिली. ठेचा वाळला. त्या बऱ्याच वेळानं आल्या, हात धुतला आणि जेवण अर्धं सोडून भांडी आवरायला लागल्या.

मला वाटलं होतं, बोलतील. माहेरचा उद्धार होईल, निदान भाकरीचा तरी होईल. पण त्यांनी टोमणे मारायचेच थांबवले. "पानी आन." "दिवा लाव." एवढंच. भाकरी वाकडी झाली तरी मुकाट्यानं खायच्या. मी एकदा मुद्दाम करपवली, त्यांनी तीही खाल्ली. घरात कोणी ओरडत नव्हतं आणि मला तिथे श्वास घेता येत नव्हता. मिरचीच्या झाडाला त्या अजूनही पाणी घालायच्या, पण मला जवळ बस म्हणायच्या नाहीत.

वैशाखात उकंड्याचं खत बैलबंडीत भरून वावरात नेलं. मृगात पेरणी झाली. श्रावणात निंदण लागलं. सासूबाई, नणंद, मी आणि गावातल्या चार बाया ओळी धरून बसलो. सवयीनं माझा हात पुढे पळत होता. आणि एका रोपावर तो थांबला. कामोणी. मी पान चुरडलं, वास घेतला. मिरची नव्हती. कपाशीत कुठून येणार मिरची? थोडं पुढे आणखी एक. पुढे दोन.

डोक्यात लख्ख पडलं. कोंबड्यांनी खाल्लेली फळं, तुडवलेलं झाड, उकंडा, बंडी, खत. यातलं एखादं तरी तिचं असेल. पण काळं कोणतं आणि केशरी कोणतं, हे फळ पिकेपर्यंत सांगता येत नव्हतं. म्हणून मी एकही उपटलं नाही.

माझ्या ओळीत मागे कामोणीची रोपं ऐटीत उभी. बायांना ऊत आला. "काहो, तुमची सून निंदून राह्यली का पेरून राह्यली?" "वीज म्हनत होती ना स्वतःले, आता दिवाबी लागत नाई." जिच्या मागे पातं उरत नसे, तिच्या मागे तणाचं रान. सासरे धुऱ्यावर येऊन उभे राहिले. "वावरात कामोणीचं पीक घ्याचं हाये का?"

मी उत्तर द्यायच्या आधी दोन ओळी पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "राहू द्या."

त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. हात चालू होता. पण मला दिसलं, त्यांच्याही ओळीत एक रोप उभं होतं.

मग रोज फेरी. फळं धरली, हिरवीगार. पिकायला लागली तशी एकेक काळी पडत गेली. एक काळं, मी उपटायची. दुसरं काळं, उपटायची. नणंद बोटांवर मोजायची, मग तिनं मोजणं सोडलं. दसऱ्यापर्यंत सगळी संपली. एकच राहिलं, बाभळीखाली, जिथं खताची पहिली बंडी रिकामी झाली होती. त्याची फळं उशिरा धरली. मी रोज बघायची आणि हात मागे बांधून परत यायची. हात लावायची हिंमत होत नव्हती, इतकं माझं माझ्या हातांवरचं प्रेम उतरलं होतं.

एका सकाळी एक फळ पिवळसर दिसलं. दोन दिवसांनी ते केशरी झालं.

मी पळत घरी आले. सासूबाई दळण पाखडत होत्या. नुसती मागे हात दाखवत राहिले. त्या उठल्या. सूप तसंच टाकून माझ्यामागे वावरात आल्या. बाभळीखाली त्या उकिडव्या बसल्या, पानाचा वास घेतला, फळ देठासकट तोडलं आणि तळहातावर ठेवून पाहत राहिल्या. मग तोंडात टाकलं. त्यांची हनुवटी हलली, खाल्ल्यामुळे की कशामुळे, ते मी विचारलं नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाह्यलं नीट? नाईतं पुन्हा मिरची उचलून आनशील."

मी तिथेच धुऱ्यावर बसून हुंदके देऊन रडले. त्यांनी मला थांबवलं नाही. दुसरं फळ पिकलं तेव्हा ते माझ्या हातावर ठेवलं. आंबट-गोड होतं, मधेच थोडं टोमॅटोसारखं. खरं सांगायचं तर एवढ्या रामायणानंतर मला वाटलं होतं, अमृत असेल. पहिलं त्यांनी पारखायला खाल्लं होतं, घरातल्या सगळ्यांत लहानाच्या वाट्याचं हे मला दिलं. घरात तेव्हा सगळ्यांत लहान अकलेची मीच होते.

दिवाळी झाल्यावर त्यांनी माझ्याकडून शेण कालवून घेतलं आणि दोन गोवऱ्या थापायला लावल्या. एक गोठ्याच्या भिंतीला. दुसरी कागदात बांधून माझ्या पिशवीत. "हे तुह्या मायच्या घरी ठेवजो. तुह्या भरवशावर एकाच भिंतीले नाई ठेवत मी."

त्या जाऊन बरीच वर्षं झाली. आता मी लोहाऱ्याला लेकाकडे असते. त्याच्या घराला गोठा नाही, पण नळाजवळ चार हात माती आहे. गावाकडे वावरात आता फवारणीनं तण मरतं, धुऱ्यावर काळी कामोणीही शोधावी लागते. केशरी माझ्याजवळ आहे. गोवरी मागच्या गॅलरीच्या भिंतीवर असते, खाली लेकानं चिठ्ठी लावली आहे, "जाळू नये." ती माझ्यासाठी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि हो, कामोणीच्या शेजारी मी दरवर्षी एक मिरचीचं रोप लावते. फूल यायच्या आधी पाहुणा आला की विचारते, यातली कामोणी कोणती? या पावसाळ्यात पुण्याची नात आली होती. तिनं दोन्ही झाडांकडे पाहिलं, मोबाइल काढला. मी म्हटलं, तो ठेव. मग तिनं एक पान तोडलं, चुरडलं, वास घेतला, आणि अगदी ठामपणे मिरचीवर बोट ठेवलं.

"ही, आजी. शंभर टक्के."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. एकोणीस वर्षं पूर्ण.

"बरं," मी म्हटलं. "बस इथं. रोज पाणी टाकजो. तुले सांगतो, माह्यी सासू कामोणी कशी लावे."